मिठाची बरणी आणि मृगाचा पाऊस

जून लागला की आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. डब्याचं झाकण सैल राहिलं तर पापड सादळतात, आगपेटीची काडी ओढली की नुसतं गूल निघून येतं. ही सगळी हवेतल्या बाष्पाची करामत. सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ हवेतलं बाष्प ओढून त्यातच विरघळू लागतं. मिठागरातलं जाडं मीठ त्याच्याही आधी ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. म्हणजे ओट्यावरची बरणी हा आर्द्रतामापकच झाला, फक्त त्यावर आकडे नाहीत.

‘सापेक्ष’ शब्दाला घाबरू नका. आत्ताच्या तापमानाला हवेत जेवढं बाष्प राहू शकतं, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात आहे, एवढाच त्याचा अर्थ. मे महिन्यात सोलापूरचा पाहुणा रत्नागिरीला येतो आणि वैतागतो, ‘पारा तर तेहतीसच दाखवतोय, मग एवढं उकडतं का?’ घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथे हवा आधीच ओली, घाम वाळतच नाही. सोलापुरात 40 अंशांतही तो झटपट उडतो.

एवढं बाष्प येतं ते अर्थात समुद्रावरून. पण समुद्राचा याहून मोठा गुण पायाला कळतो. उन्हाळ्यात भर दुपारी पुळणीवरून अनवाणी चालून बघा. वाळू अशी तापलेली की पळावं लागतं, आणि चार पावलांवरचं पाणी मात्र गार. ऊन दोघांवर सारखंच पडतं. पण तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षा पाण्याला तापायला चार-पाच पट उष्णता लागते, शिवाय लाटा ती उष्णता खालपर्यंत घुसळत राहतात. म्हणून दुपारी जमिनीवरची हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, पाणी तसंच कोमट राहतं आणि वारा उलटा फिरतो. तो मतलई. इंजिनं नव्हती तेव्हा शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. पुस्तकात जे ‘सम हवामान’ म्हणून पाठ करतो ते यातूनच येतं. जानेवारीच्या पहाटे पुण्यात पारा 10-12 अंशांवर येतो, रत्नागिरीत 18-20 च्या खाली क्वचितच.

आता हवा आणि हवामान. भूगोलाच्या पुस्तकात ‘हवा’ म्हणजे एखाद्या ठिकाणची त्या वेळची वातावरणाची स्थिती, आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळाची सरासरी. मुलं गोंधळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. रोजचा अंदाज देणाऱ्या खात्याचंच नाव हवामान खातं!

माझ्या मते हा फरक आपल्या शेतकऱ्याला पक्का ठाऊक आहे. मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागतं. त्याच्या आधीच, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, कोकणात धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीतच, भात पेरतात. ती पेरणी हवामानाच्या भरवशावर असते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव सांगतो की पाऊस येईल. पेरून झाल्यावर माणूस दाराशी बसून रोज आभाळाकडे बघतो, ती मात्र हवा. मृग कोरडा गेला म्हणून नक्षत्रांचं गणित कोणी फेकून देत नाही.

शास्त्रज्ञ हवामान ठरवायला साधारण 30 वर्षांच्या नोंदी घेतात, कारण एकटा दिवस फार फसवा असतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, तेव्हा प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास हजार लिटरची टाकी रिकामी झाली. त्याच दिवशी, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात जेमतेम 74 मिलिमीटर. नुसत्या त्या दिवसावरून मुंबईचं हवामान सांगायला बसलो तर कोणती मुंबई धरायची?

सरासरीही कायमची नसते. 2020 मध्ये हवामान खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख 10 जूनवरून 11 जूनवर गेली, म्हणजे काहीच नाही. पण परतीची तारीख 29 सप्टेंबरवरून थेट 8 ऑक्टोबरवर गेली. नऊ दिवस कागदावर किरकोळ दिसतात. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात करणाऱ्याला विचारा. त्याची कापणी नेमकी याच दिवसांत येते. कापलेलं भात खाचरात वाळायला पसरलेलं असतं, वरून सर येते, आणि दोन-चार दिवस ऊन पडलं नाही तर लोंबीवरच दाण्यांना कोंब फुटतात.