युद्ध, चर्च आणि संसार : अमेरिकी माजी सैनिकांच्या एका पिढीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांत गेली पंचवीसेक वर्षे जवळजवळ एकाच साच्यातल्या निधनवार्ता छापून येत आहेत. वय नव्वदीच्या घरात किंवा त्याही पुढचे, दुसऱ्या महायुद्धात लष्करात किंवा नौदलात नोकरी, साठ-पासष्ट वर्षांचा संसार, चर्चमध्ये डीकन (चर्चच्या कामकाजात मदत करणारा सेवक) किंवा रविवारच्या शाळेत शिक्षक, आणि मागे मुले, नातवंडे, पतवंडे. साचा हा शब्द इथे हेटाळणीने वापरलेला नाही. लाखो माणसांची आयुष्ये इतक्या सारख्या शब्दांत सांगता येत असतील, तर त्यांना घडवणारी परिस्थितीही बरीचशी सामाईक असली पाहिजे, एवढेच म्हणायचे आहे. नव्वद वर्षांच्या आयुष्यात युद्धाची वर्षे जेमतेम तीन असतात आणि निधनवार्तेत त्यांना बहुधा एकच वाक्य मिळते. परंतु उरलेल्या आयुष्याचा आराखडा त्याच तीन वर्षांनी आखून दिलेला दिसतो.

सुरुवात 16 सप्टेंबर 1940 रोजी झाली. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यावर सही केली. शांततेच्या काळात अशी भरती अमेरिकेने त्याआधी कधीच केली नव्हती. कोण जाणार आणि कोण राहणार हे स्थानिक भरती मंडळ ठरवत असे, आणि त्या मंडळावर गावातलीच माणसे बसत. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आधी बाप झालेल्या पुरुषांना सुरुवातीला वगळले जाई, पण माणसे कमी पडू लागली तेव्हा ऑक्टोबर 1943 पासून त्यांनाही बोलावणे येऊ लागले. युद्ध संपेपर्यंत सुमारे 1.6 कोटी अमेरिकी नागरिक गणवेशात जाऊन आले, आणि त्यांतले चार लाखांहून अधिक परतले नाहीत.

घरच्यांचा विचार कायद्याने केला होता, तो अगदी हिशेबी पद्धतीने. 1942 पासून साध्या शिपायाला महिन्याला 50 डॉलर पगार होता. त्यातले 22 डॉलर कापून घेतले जात, त्यात सरकार स्वतःचे 28 घाली आणि 50 डॉलरचा धनादेश थेट बायकोच्या नावाने जाई. नुकतेच लग्न होऊन परदेशी गेलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे ‘कर्ता पुरुष’ होणे अनेक घरांत या धनादेशाने सुरू झाले. खिडकीत निळ्या ताऱ्याचे निशाण लागे, आणि मुलगा कामी आला की निळ्याच्या जागी सोनेरी तारा येई. चर्चमध्येही मोठे निशाण टांगलेले असे, त्यावर मंडळीतल्या प्रत्येक सैनिकामागे एक तारा. गावातले कोण युद्धावर गेले आहे आणि कोण परत येणार नाही, हे दर रविवारी उपासनेला बसल्याजागी दिसत होते.

आघाडीवर चर्च सैनिकाच्या मागोमाग गेले. गळ्यातल्या ओळखपट्टीवर रक्तगटाबरोबर धर्माचेही एक अक्षर कोरता येई : प्रोटेस्टंट, कॅथलिक किंवा ज्यू. सैनिकांना वाटल्या जाणाऱ्या खिशात मावणाऱ्या, बायबलमधल्या नव्या कराराच्या आरंभी रूझवेल्ट यांचे शिफारसपत्र छापलेले असे. धर्मगुरूंना आणि पाळकांना कायद्याने भरतीतून सूट होती, त्यामुळे जे आठ हजारांहून अधिक चॅप्लेन (सैनिकांसाठीचे धर्मोपदेशक) लष्करात गेले ते आपखुशीने गेले, हे विसरता कामा नये. त्यांतल्या चौघांची गोष्ट पुढे चर्चांतून वर्षानुवर्षे सांगितली गेली. 3 फेब्रुवारी 1943 रोजी मध्यरात्रीनंतर ग्रीनलंडजवळ ‘डॉर्चेस्टर’ या सैनिकवाहू जहाजावर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो आदळला. जहाजावर मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक जॉर्ज फॉक्स, ज्यू धर्मगुरू (रब्बी) अलेक्झांडर गूड, रिफॉर्म्ड या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक क्लार्क पोलिंग आणि कॅथलिक धर्मगुरू जॉन वॉशिंग्टन होते. जीवरक्षक जाकिटे संपली तेव्हा चौघांनी आपापल्या अंगावरची काढून शेजारच्या सैनिकांना दिली आणि एकमेकांचे हात धरून प्रार्थना म्हणत ते जहाजाबरोबर बुडाले, असे वाचलेल्यांनी सांगितले. सुमारे 900 जणांपैकी 230 वाचले. ज्या देशात तोवर मेथडिस्ट आणि कॅथलिक यांच्यात सोयरीक जुळणेही अवघड होते, तिथे 1948 साली या चौघांचे एकत्रित टपाल तिकीट निघाले.

युरोपातले युद्ध संपले आणि घरी आधी कोणी जायचे, हा प्रश्न आला. लष्कराने गुणांची पद्धत काढली : नोकरीच्या प्रत्येक महिन्याला 1, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी 1, मोहिमेत भाग घेतल्याबद्दल मिळालेल्या प्रत्येक ताऱ्याला किंवा पदकाला 5 आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला 12, तेही फक्त तीन मुलांपर्यंत. सुटकेसाठी 85 गुण लागत. तीस महिने नोकरी, त्यांतले वीस परदेशात आणि दोन मोहिमा असा हिशेब मांडला तर 60 गुण होतात. घरी दोन मुले असतील तर 84. म्हणजे असा माणूस एका गुणाने अडकला, तर तीन मुलांचा बाप मात्र सरळ बोटीवर चढला. ही 85 गुणांची मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. तरीही एक अपत्य दोन लढायांपेक्षा जास्त वजनाचे ठरावे, हा हिशेब सैनिकांच्या चेष्टेचा विषय झाला नसता तरच नवल.

परतलेल्यांची वाट 22 जून 1944 च्या कायद्याने आखून ठेवली होती. शिक्षणासाठी वर्षाला 500 डॉलरपर्यंत शुल्क, वर निर्वाहभत्ता, काम मिळेपर्यंत, पण जास्तीत जास्त 52 आठवडे, आठवड्याला 20 डॉलर आणि घराच्या कर्जाला सरकारी हमी. 1956 पर्यंत सुमारे 78 लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. मात्र कायद्याची अंमलबजावणी स्थानिक बँका आणि कचेऱ्यांच्या हाती होती, आणि दक्षिणेत त्याचा अर्थ उघड होता : मिसिसिपीतल्या शहरांच्या 1947 च्या एका पाहणीत हमी मिळालेल्या 3,200 हून अधिक कर्जांपैकी फक्त 2 कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली आढळली. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या आघाडीहून परतलेले कृष्णवर्णीय सैनिक मेडगर एव्हर्स 1946 साली त्याच राज्यात मतदानाला गेले, तेव्हा सशस्त्र गोऱ्या जमावाने त्यांना परत पाठवले. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेशही 1948 साली निघाला. त्यामुळे ‘माजी सैनिक, चर्च, कुटुंब’ हे शब्द दोन निधनवार्तांत सारखेच असले, तरी त्यामागची आयुष्ये सारखी असतीलच असे नाही. कृष्णवर्णीय माजी सैनिकासाठी चर्च हे हक्कांची सभा भरवण्याचेही ठिकाण होते.

गोऱ्या मध्यमवर्गात मात्र नवी घरे, मुले आणि नवी चर्चे एकाच वेळी उभी राहत होती. 1946 ते 1964 या काळात सुमारे 7.6 कोटी मुले जन्मली. मुलांना रविवारच्या शाळेत घालायचे म्हणून आईवडील चर्चचे सभासद झाले, आणि सभासद वाढले म्हणून इमारती वाढल्या. शीतयुद्धाची हवाही त्याला अनुकूल होती. राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख 1954 साली आला. छप्पर दुरुस्त करणारा, वर्गणीचा हिशेब ठेवणारा, चाळीस वर्षे एकाच बाकावर बसणारा डीकन याच वर्षांतला. त्याची निष्ठा खोटी नव्हती, पण तिला वाढायला जागा काळानेच दिली होती. गॅलप संस्थेच्या पाहणीत प्रौढांमधील उपासनास्थळांच्या सभासदांचे प्रमाण 1947 साली 76 टक्के होते. 2020 साली ते 47 वर आले.

युद्धाबद्दल मात्र ही माणसे क्वचितच बोलली. त्या काळी लढाईने खचलेल्या मनाला ‘लढाईचा थकवा’ म्हणत आणि विश्रांती हाच उपाय मानत. आघातोत्तर तणावाच्या विकाराला मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात जागा 1980 साली मिळाली, तोवर ही मंडळी निवृत्तीला आली होती. त्यात 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईस इथल्या राष्ट्रीय नोंदणी केंद्राला आग लागली आणि 1912 ते 1959 या काळात सेवेतून सुटलेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे 80 टक्के फायली जळाल्या. बाप बोलला नाही आणि फाइलही राहिली नाही, अशा घरांत निधनवार्तेतले एक वाक्य लिहायलासुद्धा जुन्या पेटीतला सुटकेचा कागद शोधावा लागतो.

1.6 कोटींपैकी 2024 साली सुमारे 66 हजार जण हयात होते. 2000 सालापासूनच्या कायद्यानुसार कुटुंबाने मागणी केली, तर अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी पाठवावे लागतात. चर्चमधली उपासना आटोपून मंडळी कबरीशी आली की ते दोघे शवपेटीवरचा ध्वज तेरा घड्यांत त्रिकोणी करतात आणि पत्नीच्या, ती नसेल तर मुलाच्या हाती देतात. 1862 पासून चालत आलेली चोवीस स्वरांची ‘टॅप्स’ ही धून बिगुलावर वाजते. बिगुल वाजवणारे आता पुरत नाहीत, म्हणून अनेकदा बिगुलाच्या तोंडात ध्वनिमुद्रित धून वाजवणारे छोटे यंत्र बसवलेले असते आणि सैनिक तो नुसता ओठांशी धरून उभा राहतो. त्या दोघांपैकी किमान एक जण मृताच्याच दलातला असावा, अशी कायद्यात अट आहे. वयाने मात्र तो त्याच्या पतवंडाच्या बरोबरीचा असतो.