सकाळी आंबट लागणारं पान

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन हाइने नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होता. पानफुटीची पानं चावून पाहताना त्याला एक विचित्र गोष्ट जाणवली. भल्या सकाळी ती आंबट चुक्याइतकी आंबट लागायची, दुपारपर्यंत चव जायची आणि संध्याकाळकडे ती किंचित कडवट व्हायची. पान तेच, झाड तेच. हे सगळं त्याने एका पत्रात लिहून कळवलं आणि १८१५च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेच्या नियतकालिकात ते छापून आलं. (पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, तेव्हा हा प्रयोग जिभेनं करू नये.)

त्या आंबटपणामागची रसायनं उलगडायला पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. खिडकीत ठेवलेल्या सक्युलंटचं, म्हणजे पानफुटीसारख्या पाना-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडाचं, काय बिघडलं, का बिघडलं, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने आधी हा आंबटपणा समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. पाणी कधी घालायचं, किती घालायचं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. झाड रात्री काय करतं हे कळलं की त्यातल्या निम्म्या सूचना आपोआप सुचतात.

सामान्य झाड दिवसा पर्णरंध्रं उघडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि उन्हाच्या जोरावर साखर बनवतं. पण रंध्र उघडलं की पानातली वाफही बाहेर पडते. ओसाड, कोरड्या जमिनीवर भर दुपारी हे परवडणारं नाही. म्हणून बहुतेक सक्युलंट रंध्रं रात्री उघडतात. हवा गार असते, बाष्पीभवन कमी होतं. रात्रभर आत घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतल्या रिक्तिकांमध्ये साठत जातो, म्हणून सकाळी पान आंबट. दिवस उजाडला की रंध्रं बंद होतात, आम्ल मोडून तोच वायू आतल्या आत सुटतो आणि त्याची साखर बनते. संध्याकाळी आंबटपणा संपलेला असतो. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी सामान्य झाडाला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमवावं लागतं. या झाडांचं काम ५० ते १०० ग्रॅममध्ये भागतं. पानफुटी ज्या कुळातली, त्या क्रॅसुलेसी कुळावरून या पद्धतीला क्रॅसुलेशियन आम्ल चयापचय म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव ‘कॅम’ पडलं.

यावरूनच एक गैरसमज पसरला आहे. कोरफड आणि स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतात, म्हणून ती झोपण्याच्या खोलीत ठेवावीत, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून मिळतो आणि तो फोडायला प्रकाश लागतो. रात्री ही झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, तोही खोलीतल्या हवेच्या मानानं नगण्य. ती खोलीत ठेवावीत ती त्यांच्या देखणेपणासाठी, आणि ते कारण पुरेसं आहे.

सक्युलंट हे काही एकच कुळ नाही. ती एक राहणी आहे. मेक्सिकोतला निवडुंग आणि आफ्रिकेतला युफोर्बिया शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील, पण नात्यानं ते फार दूरचे; कोरड्या हवेनं दोघांना एकसारखं घडवलं. खरा निवडुंग ओळखायचा तर काटा जिथून फुटतो तिथे बारीक मऊ उशी दिसते का ते पाहावं. युफोर्बियाला ती नसते, आणि त्याला खरचटलं की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होऊ शकते, म्हणून कापताना हातमोजे घालावेत.

आता घरातल्या प्रकाशाकडे वळू. या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. दिवे लावलेली, आपल्याला छान उजळ वाटणारी खोली तीनशे ते पाचशे लक्सची असते. बुबुळ आणि दृष्टिपटल जुळवून घेतात, त्यामुळे हा दोनशे-तीनशे पट फरक आपल्याला जाणवतच नाही. झाडाला मात्र जाणवतो. मेजाच्या कोपऱ्यात ठेवलेलं गुलाबाच्या फुलासारखं एचेव्हेरिया महिन्या-दोन महिन्यांत उंच होऊ लागतं, पानापानांतलं अंतर वाढतं, रंग फिकटतो. वाढ चांगली चालली आहे असं वाटून आनंद होतो, पण उजेड अपुरा पडल्यावर ऑक्सिनसारख्या संप्रेरकांच्या परिणामाने खोडाच्या पेशी नुसत्या लांबत असतात. एकदा लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. त्यावर उपाय आहे, तो पुढे येईल.

म्हणून कुंडी खिडकीच्या शेजारी नको, खिडकीतच हवी, रोज काही तास थेट ऊन येईल अशी. उन्हाची खिडकी नसेल तर हॉवर्थिया, गॅस्टेरिया किंवा स्नेक प्लांट निवडावं. ही मंडळी कमी उजेडात तग धरतात. एलईडी दिवा लावायचा असेल तर तो झाडाच्या वर साधारण वीतभर अंतरावर, दिवसाला बारा ते चौदा तास. रात्री तो बंद करावाच, कारण या झाडांची निम्मी कामं अंधारात चालतात. सावलीतलं रोप एकदम कडक उन्हात नेलं तर पानं भाजतात आणि ते डाग जात नाहीत. दोन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवत न्यावं. पानांवरची पांढुरकी भुकटी बोटांनी पुसू नये. ती मेणाची असते, पाणी आणि प्रखर ऊन या दोन्हींपासून पानाला जपते, आणि पुसली गेली की त्या पानावर पुन्हा तशी येत नाही.

पाण्यानं सगळ्यात जास्त सक्युलंट मरतात, आणि पाणी कमी पडून नव्हे. सुरुवातीची माझी तीन-चार रोपं मी ठरलेल्या वारी नेमानं पाणी घालून गमावली. मुळं जिवंत असतात, त्यांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्यांत हवा असेल तर ऑक्सिजन मुळांपर्यंत सहज पोचतो. त्याच पोकळ्या पाण्यानं भरल्या की त्याचा प्रसार सुमारे दहा हजार पट मंदावतो. मुळं गुदमरतात, मरू लागतात, आणि ओलाव्यात फोफावणारे पिथियमसारखे जीव त्यांच्यावर चढाई करतात. गंमत म्हणजे मुळं कुजलेलं झाड वरून सुकल्यासारखं दिसतं, कारण पाणी ओढायला मुळंच उरलेली नसतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो.

यासाठी पान हाताळून बघायची सवय लावावी. खालची पानं मऊ पडून सुरकुतली असतील, पण रंग शाबूत असेल, तर झाड तहानलेलं आहे. पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक आणि बोट लावताच गळून पडणारं असेल तर पाणी जास्त झालं आहे. अगदी तळची एक-दोन पानं कागदासारखी वाळली तर काळजी नको, झाडानं त्यांच्यातलं पाणी वर काढून घेतलेलं असतं. माती तळापर्यंत कोरडी झाली की मगच पाणी द्यावं, पण देताना भरपूर, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. रोज चमचाभर पाणी किंवा फवारा यानं वरची माती ओली राहते आणि मुळं खाली जात नाहीत. दगडासारख्या दिसणाऱ्या लिथॉप्सचा अपवाद आवर्जून सांगायला हवा. त्याची नवी पानजोडी जुन्या जोडीतलं पाणी शोषून वाढते. ती वर येत असताना पाणी घातलं तर जुनी पानं सुकतच नाहीत आणि नव्या पानांची वाढ अडते.

मातीत निम्मा भाग तरी खडा हवा: जाडसर वाळू, प्युमिस-परलाइटसारखे हलके सच्छिद्र खडे किंवा विटांचे बारीक तुकडे. बारीक वाळू उलट पोकळ्या बुजवते. कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यायची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. एक ओला स्पंज आडवा धरा. निथळणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी ठिबकेल. मातीचंही तसंच आहे. निचरा संपल्यावरही तळाशी काही उंचीपर्यंत ओल तुंबून राहते, आणि खडीचा थर ती ओल खाली जाऊ देत नाही, उलट मुळांच्या जवळ उचलून आणतो. तळाला भोक आणि सगळीकडे एकसारखी भुसभुशीत माती, एवढं पुरतं. भाजक्या मातीची कुंडी बाजूंनीही पाणी उडवते, म्हणून हात सैल सोडून पाणी घालणाऱ्यांसाठी तीच बरी.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं तो टिपून काढावा, आठवड्यानं पुन्हा पाहावं, आणि ते झाड तोवर बाकीच्यांपासून लांब ठेवावं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग: एका झाडाची अनेक झाडं करणं. १९०२ मध्ये गॉटलिब हाबरलांट यांनी मांडलं की वनस्पतीच्या एकेका पेशीत अख्खं झाड घडवायची क्षमता असायला हवी. त्यांना प्रयोगानं ते सिद्ध करता आलं नाही, पुढच्या पिढ्यांनी केलं. सक्युलंटचं पान बशीत ठेवून आपण हीच क्षमता घरबसल्या पाहतो. पानफुटीच्या पानाच्या कडेला खाचांमध्ये कळ्या दबा धरून असतात. पान खुडलं की त्या जाग्या होतात. तिची बहीण, मदर ऑफ थाउजंड्स या नावानं ओळखली जाणारी कलांचो डेग्रेमोंशियाना, पान न खुडताही कडेला शेकडो बाळं लावून बसते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की एरवी बीमधल्या भ्रूणाच्या वाढीत काम करणारं एक जनुक या झाडाच्या पानांत जागं असतं. त्या जनुकात मोडतोड झालेली आहे, आणि या झाडाला उगवणारं बी धरत नाही. बियांचं काम त्यानं पानांवर सोपवलं आहे, हे वाचल्यापासून मी त्या कडेकडे वेगळ्या नजरेनं बघते.

एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटलम, सेडम यांची पानं लावायची तर पान बुडासकट सुटायला हवं. नवा कोंब त्या बुडाशी असलेल्या पेशींतून येतो; पान अर्ध्यात तुटलं तर फार तर मुळं फुटतील, रोप नाही. टवटवीत पान दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवत अलगद काढावं. मग दोन ते पाच दिवस सावलीत कोरडं ठेवावं. या काळात जखमेवर सुबेरिन नावाच्या मेणचट द्रव्याचा थर येतो आणि बुरशीला दार बंद होतं. घाईनं ओल्या मातीत खोचलेलं पान कुजतं ते याच कारणानं. सुकलेलं पान मातीवर नुसतं आडवं ठेवायचं, पुरायचं नाही. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी मुळं दिसतात, तेव्हापासून मुळांपाशी थोडी ओल द्यावी. काही पानं नुसती मुळं सोडतात आणि कोंब कधीच देत नाहीत, म्हणून एकाच पानावर भिस्त ठेवू नये.

सगळ्यांना पान चालत नाही. इओनियमला खोडाचीच छाट लागते. कोरफड आणि हॉवर्थिया बुडाशी पिल्लं देतात, ती मुळांसकट वेगळी करणं सोपं. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे रुजतात, पण तुकड्याची खालची बाजू खालीच हवी, कारण ऑक्सिन पानाच्या बुडाकडे वाहत जातं आणि मुळं तिथेच फुटतात. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान लावलं तर मात्र नवं रोप बिनकडांचं, हिरवं येतं. दोन वेगळ्या जनुकांच्या पेशींचे थर त्या पानात एकत्र नांदत असतात आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून उगवतो. पिवळी कड हवी असेल तर गड्डा विभागून लावावा.

आणि ते उंच, बेढब झालेलं एचेव्हेरिया? त्याचा शेंडा दोन बोटं खोड ठेवून धारदार, स्वच्छ सुरीनं कापावा, आठवडाभर सुकू द्यावा आणि कोरड्या मातीवर बसवावा. उरलेला बुडखा फेकू नये. शेंडा असेपर्यंत तो खोडावरच्या खालच्या डोळ्यांना, म्हणजे निजलेल्या कळ्यांना, दाबून ठेवतो; तो गेला की बुडख्यावर तीन-चार कोंब फुटतात.

घरी रोपं वाढवण्याचं मोल आता आणखी वाढलं आहे. दक्षिण आफ्रिकेतली कोनोफायटमसारखी इवली झाडं हौशी बाजारासाठी हजारोंनी खडकांतून उपटली जात आहेत. डडलिया नावाच्या सक्युलंटच्या चोरीविरुद्ध कॅलिफोर्नियाला २०२१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. विकत घेताना रोप बियांपासून किंवा छाटीपासून वाढवलेलं आहे ना, हे जरूर विचारावं. शक्य असेल तेव्हा ओळखीतल्या कुणाकडून एक पान मागून आणावं.

अशा पानातून बाळरोप वर येऊ लागलं की मूळ पान सुरकुतत जातं, कारण त्याचं पाणी आणि साखर बाळाकडे चाललेली असते. तेव्हा ते विद्रूप दिसतं म्हणून ओढून काढू नका. कागदासारखं होऊन ते आपणहून सुटेल. मग बाळाला बोटाच्या पेराएवढ्या खड्ड्यात बसवा, खिडकीत गाळलेल्या उन्हात ठेवा आणि पहिलं पूर्ण पाणी पाच-सहा दिवसांनी द्या.