माळवद

माळवद : लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छत, यालाच धाबे असेही म्हणतात. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड या जिल्ह्यांतील जुन्या घरांवर व वाड्यांवर ते आढळते. कोकणातील उतरत्या कौलारू छपराशी तुलना करता माळवद हे कमी पावसाच्या प्रदेशाचे छत आहे. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः उष्णतारोधक आणि हवाबंद आच्छादन म्हणून केला आहे.

खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे आडवी बारीक लाकडे, आणि कड्यांवर किलचण, म्हणजे लाकडाचे आखूड तुकडे, दाटीने मांडतात. त्यांवर कडुनिंबाचा किंवा तरवडाचा पाला पसरून चिखलाचा थर देतात व शेवटी पांढरी माती घालून ती चोपतात. मृगाआधी छतावर नवी माती टाकण्याची चाल असल्याने थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. मूळचा सुमारे ३० सेंमी.चा थर जुन्या घरांत ६० ते ८० सेंमी.पर्यंत गेलेला आढळतो. छत असे सतत नवे होत राहत असल्याने त्याचा काळ सांगताना जपून बोलावे लागते. आज उभे असलेले वाडे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असले, तरी बांधणीची रीत त्याहून बरीच जुनी असावी.

पांढऱ्या मातीच्या गुणाविषयी दोन मते आहेत. ही माती बहुधा गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून आणली जाई. त्यामुळे तिच्यातील राख आणि चुन्याच्या अंशाने ती घट्ट बसते, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार मुख्य कारण क्षारांचे आहे : सोडियमयुक्त चिकणमातीचे कण ओले होताच सुटे होतात, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बंद करतात. खारी किंवा चोपण, म्हणजे क्षारयुक्त, मातीही याच कामी वापरली जाते, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. काळी माती मात्र वाळल्यावर भेगाळते. म्हणून ती वरच्या थराला चालत नाही. हाच थर पाण्याबरोबर उन्हाळ्यातील तप्त वारा आणि फुफाटाही अडवतो. त्यावर उगवलेले गवत व घुशींची बिळे हे त्याचे मोठे शत्रू होत.

मातीची उष्णतावाहकता घनतेनुसार व ओलाव्यानुसार बदलते. ती दर मीटरला दर अंशाला ०.५ ते ०.८ वॉट धरल्यास ४५ सेंमी. थराचा उष्णता-पारगमनांक, म्हणजे छतातून आरपार जाणाऱ्या उष्णतेचे माप, दर चौ. मी.ला दर अंशाला साधारण ०.९ ते १.४ वॉट येतो. केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिता २०१८’ने निवासी इमारतींच्या छतासाठी घातलेली कमाल मर्यादा १.२ आहे; १५ सेंमी.चा उघडा काँक्रीट स्लॅब तिच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. त्याहून महत्त्वाचा तो विलंब. दुपारच्या उन्हाची लाट स्लॅबमधून सुमारे चार तासांत, म्हणजे नेमकी संध्याकाळी, खोलीत उतरते. माळवदातून तिला बारा तासांच्या आसपास लागतात आणि तोवर ती बरीच क्षीण झालेली असते. शिवाय उन्हाळ्यात त्या वेळी घरची माणसे अंगणात नाहीतर माळवदावरच झोपलेली असतात.

या गुणाची किंमत वजनात मोजावी लागते. ४५ सेंमी. मातीचे वजन दर चौ. मी.ला ७०० किग्रॅ.च्या घरात जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (ता. औसा) परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील हे जड छत कोसळणे, हे त्याचे प्रमुख कारण ठरले. नंतर उरलेल्या घरांच्या बळकटीकरणात छतावरील माती उतरवून थर कमी करण्याची शिफारस झाली. पुनर्वसनातील स्लॅबची घरे भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित झाली. उष्म्याचा प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला.

स्लॅबवर ५ सेंमी. जाडीचा फोमचा दाब सहन करणारा तक्ता बसवल्यास पारगमनांक ०.६च्या आसपास येतो, म्हणजे उष्णतारोधनात तो ४५ सेंमी. मातीलाही मागे टाकतो, आणि वजन नगण्य असते. तक्ता स्लॅबच्या वर, जलरोधक थरासह बसवणे श्रेयस्कर. खालून बसवल्यास काँक्रीट दिवसभर तापतच राहते. वरून पांढऱ्या चिनी फरशीच्या तुकड्यांचा कोबा किंवा नुसती चुन्याची सफेदी दिली तरी ऊन बरेच परावर्तित होते. पत्र्याच्या घरांवर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा कडबा पसरतात; त्याने सावली मिळते, पण आगीचा धोका राहतो.

फटी बुजवून घर हवाबंद करण्याचा थंड देशांतील नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. वातानुकूलन यंत्र असलेल्या खोलीत दाराखालची फट आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची भेग बुजवल्याने विजेची बचत होते. मराठवाड्यात अधिक प्रचार आहे तो पाण्याच्या कूलरचा, आणि त्याला आत येईल तेवढी हवा बाहेर जाण्यास वाट लागते. ती न ठेवल्यास खोली दमट होऊन गारवा संपतो. जुन्या घरांत चुलीच्या धुरासाठी माळवदात झरोका ठेवत व पावसात तो वरून झाकत. लाकडावर स्वयंपाक होत असलेल्या घरात अशी वाट बंद करणे धोक्याचे असते.