लडलो हत्याकांड

लडलो हत्याकांड (२० एप्रिल १९१४) : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागात संपावर असलेल्या कोळसा खाणकामगारांच्या तंबू वसाहतीवर राज्याच्या नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाने आणि खाण कंपन्यांच्या पहारेकऱ्यांनी केलेला हल्ला. दिवसभर गोळीबार झाला आणि संध्याकाळी तंबूंना आग लावली गेली. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत २० च्या आसपास आढळतो. त्यांपैकी ११ मुले व २ स्त्रिया एका तंबूखालच्या खड्ड्यात गुदमरून मेल्या. कामगार विरुद्ध सरकार असे या घटनेचे वर्णन नेहमी केले जाते. पण कंपनी कुठे संपते आणि सरकार कुठे सुरू होते, हे तिथल्या खाणकामगाराला सांगता आले नसते. लडलोची सारी कहाणी या एका गोष्टीत आहे.

पार्श्वभूमी : ट्रिनिदाद शहराच्या उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याशी लडलो नावाचे छोटे रेल्वे स्थानक होते. आसपासच्या खोऱ्यांत लास ॲनिमास आणि ह्युएर्फानो या दोन काउंट्यांमधील (जिल्ह्यांमधील) कोळशाच्या खाणी पसरलेल्या होत्या. कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न, रॉकी माउंटन फ्युएल आणि व्हिक्टर-अमेरिकन फ्युएल या तीन कंपन्यांचा तिथे दबदबा होता. पहिली सर्वांत मोठी. प्वेब्लो शहरात तिचा पोलाद कारखाना होता आणि तिचे सुमारे ४० टक्के भाग (शेअर) रॉकफेलर कुटुंबाकडे होते.

खाणकामगार राहायचा कंपनीच्या घरात, किराणा घ्यायचा कंपनीच्या दुकानातून, औषधपाणी कंपनीच्या डॉक्टरकडून. वस्तीतली शाळा आणि चर्चदेखील कंपनीच्या मर्जीवर चाले. मजुरी दिवसावर नव्हती, काढलेल्या कोळशाच्या टनावर होती. छताला लाकडी टेकू देणे, दगड-माती उपसणे, रूळ टाकणे या कामांना ‘मृत काम’ म्हणत आणि त्याचे पैसे मिळत नसत. ज्या कामावर जीव अवलंबून तेच फुकट करायचे, मग पोटासाठी टेकूंकडे दुर्लक्ष होणार हे ओघानेच आले. कोलोरॅडोच्या कोळसा खाणींतील मृत्यूंचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या घरात होते. १८८४ ते १९१२ या काळात राज्यात १,७०० हून अधिक खाणकामगार दगावले. एकट्या १९१० मध्ये प्रिमेरो, स्टार्कव्हिल आणि डेलाग्वा या तीन खाणींत मोठे स्फोट झाले. चौकशीला बसणारे पंच बहुतेक वेळा दोष मेलेल्या माणसावरच टाकून मोकळे होत. पंच निवडले जायचे शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) मर्जीने, आणि शेरीफ कंपन्यांच्या कलाने चालायचा. ह्युएर्फानोचा शेरीफ जेफ फार याला तर लोक तिथला राजाच म्हणत. कंपनीच्या पहारेकऱ्यांना डेप्युटीचा, म्हणजे शेरीफच्या सहायकाचा, बिल्ला देणे हे त्याचे नेहमीचेच काम होते.

१९०३-०४ चा संप फसल्यावर कंपन्यांनी ग्रीक, इटालियन, स्लाव्ह आणि मेक्सिकन मजूर मोठ्या संख्येने आणले. वीसहून अधिक भाषा बोलणारी ही माणसे कधी एकत्र येणार नाहीत, असा हिशेब होता. दहा वर्षांनी संप केला तो याच माणसांनी.

मागण्या आणि संप : युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेने सात मागण्या मांडल्या : संघटनेला मान्यता, टनामागे दरात १० टक्के वाढ आणि टन २,००० पौंडांचाच धरणे, आठ तासांचा दिवस, मृत कामाची मजुरी, वजनकाट्यावर कामगारांनी निवडलेला तपासनीस, दुकान, घर आणि डॉक्टर निवडण्याची मुभा, राज्याच्या खाण कायद्यांची अंमलबजावणी व सशस्त्र पहाऱ्याची पद्धत बंद करणे. वजनकाट्याची मागणी वरवर किरकोळ वाटते, पण मजुरी टनावर असताना काट्यावर कोण उभा आहे यावरच घरातली चूल ठरायची. यातल्या बऱ्याच गोष्टी कोलोरॅडोच्या कायद्यात आधीपासून होत्या. म्हणजे संप पुष्कळसा असलेला कायदा पाळला जावा यासाठीच होता. कंपन्या अडल्या त्या संघटनेच्या मान्यतेवर.

१६ ऑगस्ट १९१३ रोजी ट्रिनिदादच्या रस्त्यावर जेराल्ड लिपियाट हा संघटनेचा कार्यकर्ता गोळीने मारला गेला. २३ सप्टेंबरला संप सुरू झाला. कंपनीची घरे तत्काळ रिकामी करावी लागली आणि हजारो माणसे पावसापाण्यात, बायकापोरांसह, हातगाड्यांवर संसार लादून खोऱ्यांतून खाली उतरली. संघटनेने खोऱ्यांच्या तोंडाशी जमिनी भाड्याने घेऊन तंबू ठोकले होते. संपफोड्यांना खाणीकडे जाण्यासाठी याच वाटा होत्या, त्यामुळे जागा विचारपूर्वक निवडलेल्या होत्या. लडलोची वसाहत सर्वांत मोठी : सुमारे २०० तंबू, १,२०० माणसे. आठवड्याला कामगाराला ३ डॉलर, बायकोला १ डॉलर आणि मुलामागे अर्धा डॉलर असा भत्ता संघटना देई. एवढ्यावर त्यांनी कडक हिवाळा काढला.

कंपन्यांनी संप मोडण्यासाठी बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर संस्थेची माणसे आणली. प्वेब्लोच्या पोलाद कारखान्यात एका मोटारीला पोलादी पत्रे ठोकून तिच्यावर मशीनगन बसवण्यात आली. कामगार तिला ‘मृत्यूची गाडी’ म्हणत. १७ ऑक्टोबरला या गाडीने फोर्ब्सच्या तंबू वसाहतीवर गोळीबार केला. एक संपकरी ठार झाला आणि एका मुलाच्या पायांत अनेक गोळ्या घुसल्या. त्यानंतर कुटुंबांनी तंबूंखाली खड्डे खणायला घेतले. कामगारांनीही बंदुका जमवल्या होत्या आणि पहारेकऱ्यांवर त्यांनीही गोळ्या झाडल्या, हे नोंदवणे आवश्यक आहे.

नॅशनल गार्ड : २८ ऑक्टोबरला गव्हर्नर इलायस अमन्स यांनी नॅशनल गार्ड बोलावले. संपकऱ्यांनी आरंभी त्याचे स्वागत केले, कारण कंपनीच्या पहारेकऱ्यांपेक्षा सरकारी शिपाई बरा अशी त्यांची समजूत होती. बाहेरून येणाऱ्या संपफोड्यांना संरक्षण द्यायचे नाही असा गव्हर्नरांचा पहिला आदेश होता. थोड्याच दिवसांत तो फिरला. गार्डचे प्रमुख जनरल जॉन चेस यांनी वॉरंटविना धरपकड सुरू केली. वृद्ध कामगार नेत्या मदर जोन्स यांना ट्रिनिदादमध्ये डांबून ठेवले. जानेवारी १९१४ मध्ये त्यांच्या सुटकेसाठी स्त्रियांनी मोर्चा काढला. तेव्हा चेस घोड्यावरून पडले, स्त्रिया हसल्या, आणि चेस यांनी स्वारांना मोर्चावर घोडे घालण्याचा हुकूम दिला.

गार्डचा खर्च राज्याला परवडेना. शिपायांचे पगार थकले, अनेक जण घरी परतले. त्यांच्या जागी खाणींचे पहारेकरी गणवेश चढवून दाखल झाले. एप्रिलमध्ये बहुतेक दल मागे घेतल्यावर लडलोत उरलेल्या आणि नव्याने उभारलेल्या तुकडीत प्रामुख्याने अशीच माणसे होती. अंगावर सरकारचा गणवेश, पगार कंपनीचा.

२० एप्रिल : आदल्या दिवशी ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर होता. वसाहतीत जेवणावळ झाली, बेसबॉलचे सामने रंगले. सोमवारी सकाळी गार्डचे मेजर पॅट्रिक हॅमरॉक यांनी वसाहतीचा पुढारी लुई टिकास याला बोलावणे धाडले. एका माणसाला वसाहतीत जबरदस्तीने ठेवल्याची तक्रार आली होती. टिकास मूळचा क्रीट बेटावरचा, शांत डोक्याचा म्हणून ओळखला जाई. स्थानकावर बोलणी चालू असतानाच दोन्ही बाजूंनी हालचाली सुरू झाल्या. कामगारांना टेकडीवर मशीनगन रोवली जाताना दिसली. पहिली गोळी कोणाची यावर तेव्हापासून वाद आहे.

दिवसभर मशीनगनचा मारा चालला. बंदूकधारी संपकरी गोळ्या आपल्याकडे वळाव्यात म्हणून वसाहतीबाहेर पांगले. बायका-मुले खड्ड्यांत, विहिरीत दडली. फ्रँक स्नायडर हा लहान मुलगा तंबूतच गोळी लागून मेला. संध्याकाळी एक मालगाडी वसाहत आणि मशीनगन यांच्या मध्ये येऊन थांबली. तिच्या आडोशाने बरीच कुटुंबे पूर्वेकडच्या टेकड्यांत निसटली. त्यानंतर शिपाई तंबूंत घुसले. लूट झाली आणि रॉकेलच्या मदतीने तंबू पेटवले गेले.

टिकास पकडला गेला. गार्डचा लेफ्टनंट कार्ल लिंडरफेल्ट याने त्याच्या डोक्यात इतक्या जोराने बंदूक हाणली की दस्ता मोडला. मग त्याला पाठीत गोळ्या लागल्या. त्याचे प्रेत रुळांजवळ दिवसचे दिवस पडून होते आणि गाड्यांतून जाणारे प्रवासी ते पाहत होते. एका खड्ड्यात ४ स्त्रिया आणि ११ मुले होती. वरचा तंबू जळू लागल्यावर आतली हवा संपली. दोन स्त्रिया वाचल्या. त्यांपैकी मेरी पेत्रुची यांची तिन्ही मुले गेली.

दहा दिवसांचे युद्ध : बातमी पसरताच शेकडो सशस्त्र संपकऱ्यांनी खाणींवर चाल केली, इमारती जाळल्या, पहारेकरी आणि संपफोडे मारले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी संघराज्याचे सैन्य पाठवल्यावर गोळीबार थांबला. संपकऱ्यांचे गार्डशी वैर होते, पण या सैन्यावर त्यांनी गोळी झाडली नाही. संपूर्ण संघर्षातील बळींचे अंदाज ६९ पासून जवळपास २०० पर्यंत आहेत. पैसे संपल्याने संघटनेने १० डिसेंबर १९१४ रोजी संप मागे घेतला. मान्यता मिळाली नाही.

न्याय आणि प्रतिमा : शेकडो संपकऱ्यांवर खुनाचे आरोप ठेवले गेले. गार्डच्या अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटले झाले आणि सर्व सुटले. लिंडरफेल्टने टिकासला मारले हे न्यायालयाने मान्य केले, पण त्यात गुन्हेगारी काही नाही असे ठरवले. गार्डचा न्याय गार्डनेच केल्यावर वेगळे काय होणार होते?

घटनेच्या दोनच आठवडे आधी, ६ एप्रिलला, धाकट्या जॉन रॉकफेलर यांची संसदेच्या समितीपुढे साक्ष झाली होती. सारी मालमत्ता बुडाली आणि कामगार मेले तरी संघटनेला विरोध करणार का, या प्रश्नावर त्यांनी हे एक थोर तत्त्व असल्याचे उत्तर दिले. हत्याकांडानंतर हेच शब्द त्यांच्यामागे लागले. त्यांनी आयव्ही ली या जनसंपर्क सल्लागाराला नेमले. आग तंबूतला स्टोव्ह कलंडून लागली असावी, अशा धर्तीची पत्रके देशभर वाटली गेली. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेंझी किंग यांनी रॉकफेलर यांच्यासाठी कामगार-प्रतिनिधित्वाची योजना आखली. १९१५ मध्ये ती लागू झाली. तक्रार मांडायला जागा मिळाली, वस्त्या सुधारल्या, पण ही कंपनीनेच चालवलेली संघटना होती. अशा संघटनांवर १९३५ च्या वॅग्नर कायद्याने (अमेरिकेच्या कामगार कायद्याने) बंदी आली.

स्थळ : १९१८ मध्ये संघटनेने येथे ग्रॅनाइटचे स्मारक उभारले : एक खाणकामगार आणि मूल घेतलेली स्त्री. तो खड्डा शेजारीच जतन केलेला असून त्यात उतरता येते. २००३ मध्ये अज्ञातांनी पुतळ्यांची डोकी तोडली. नंतर दुरुस्ती झाली. २००९ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

नंतरचा काळ : अशा चकमकी लडलोवर थांबल्या नाहीत. १९२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर माउंटनवर सुमारे १०,००० खाणकामगार शेरीफच्या फौजेशी लढले. कोलोरॅडोतच २१ नोव्हेंबर १९२७ रोजी कोलंबाइन खाणीपाशी राज्य पोलिसांनी सहा संपकरी मारले. ही खाण रॉकी माउंटन फ्युएलची, म्हणजे १९१३ च्या तीन कंपन्यांपैकी एकीची होती. त्याच सुमारास भागधारकाची मुलगी जोसेफीन रोश हिच्या हाती कंपनीची सूत्रे आली आणि १९२८ मध्ये तिने युनायटेड माइन वर्कर्सशी करार केला. व्यवस्थापनात तिने जॉन लॉसन यांना घेतले. लॉसन हे लडलोच्या संपाचे पुढारी. त्या संपातल्या एका खुनासाठी त्यांना जन्मठेप झाली होती आणि ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केली होती.