पार्श्वभूमी: पीआयआर सेन्सर आणि ‘दोघांचे एकमत’

घराची खोली राखायचे काम आधी अल्ट्रासॉनिक यंत्रांकडे होते. ती ऐकू न येणारा आवाज खोलीभर सोडत आणि परतणाऱ्या लहरींत फरक पडला की घंटा वाजवत. वाऱ्याच्या झोतानेही ती बिथरत. १९७० च्या दशकापासून पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे अवरक्त किरण टिपणारा सेन्सर) त्यांच्या जागी येऊ लागला. त्यामागचे विज्ञान जुनेच. अवरक्त किरण १८०० साली सापडले होते. तापल्यावर विद्युतभार दाखवणारा टूरमलीनचा खडा तर त्याच्याही आधी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून युरोपात नेला होता.

पीआयआर स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, समोरून येणारी उष्णता फक्त टिपतो. रात्रीच्या कॅमेऱ्याचे लालसर दिवे किरण सोडतात, ती वेगळी गोष्ट. आत शेजारी शेजारी दोन संवेदक असतात, त्यांची जोडणी एकमेकांच्या उलट. सगळी खोली एकदम तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात. माणूस आडवा चालत गेला की पुढच्या खाचांच्या प्लॅस्टिक भिंगामुळे त्याची ऊब आधी एकावर, मग दुसऱ्यावर पडते आणि संकेत उमटतो. म्हणूनच सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येणारा उशिरा सापडतो. ‘मोशन सेन्सर’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले असले, तरी हे यंत्र ओळखते ते सरकणारा तापमानाचा फरक. हा फरक नसेल, तर हालचाल कितीही होवो, त्याला काहीच दिसत नाही.

पण तंत्राचा पुढचा प्रवास खोट्या अलार्मच्या धाकाखाली झाला. भिंगावरून फिरणारी पाल, आत शिरलेल्या मुंग्या, थेट पडणारे ऊन, हीटरचा झोत, यांपैकी काहीही पुरते. पाश्चात्त्य शहरांत पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मपैकी बहुतेक खोटे निघत. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने २००० साली निर्णय घेतला की, खासगी सुरक्षारक्षकाने जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय घरफोडीच्या अलार्मवर पोलीस जाणार नाहीत.

या दबावावर उद्योगाचे लाडके उत्तर म्हणजे ड्युअल टेक: एकाच डबीत पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून त्या कशा परततात यावरून हालचाल ओळखणारा सेन्सर), आणि दोघांचे एकमत झाले तरच अलार्म. हा उपाय आजही वादाचा आहे आणि मला तो आपल्या हवेसाठी अर्धवट वाटतो. एकमताने खोटे अलार्म घटतात हे खरेच. पण दोघांपैकी एक आंधळा झाला की दुसऱ्याने चोर पाहूनही उपयोग नाही.

आंधळा होण्याची वेळ आपल्याकडे दरवर्षी येते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद घराच्या भिंती तेवढ्याच तापतात, आणि माणूस आणि भिंत यांतला फरकच पुसला जातो. भिंती त्याहून गरम झाल्या की माणूस पार्श्वभूमीपेक्षा थंड दिसतो आणि सेन्सरला पुन्हा सापडू लागतो. म्हणजे सर्वांत कठीण वेळ सर्वांत तापलेली नसते, बरोबरीची असते. कुटुंब सुट्टीत गावी गेलेले, घर बंद आणि अलार्म चालू असतो, तोच हा काळ.

यावर तापमान-भरपाई आली: खोली शरीराच्या तापमानाजवळ गेली की सेन्सर आपली संवेदनशीलता वाढवतो. चांगल्या यंत्रांत खोली त्याहूनही तापली की ती परत उतरतेही. काही ड्युअल टेक यंत्रांत एकमताची अट सैल करण्याची सोय असते. पण वॉक टेस्ट, म्हणजे खोलीत चालून सेन्सर पकडतो का हे पाहणे, जानेवारीत करून समाधान मानले जाते. ती मे महिन्यात, घर दिवसभर बंद ठेवल्यावर पुन्हा करायलाच हवी. ‘पेट इम्यून’ (पाळीव प्राण्यांमुळे न वाजणारा) या शब्दाचेही असेच आहे. कुत्रा-मांजराला ओळखणारे त्यात काही नसते, जमिनीलगतचे पट्टे सेन्सरच्या नजरेतून वगळलेले किंवा लहान संकेत दुर्लक्षिलेले असतात. मांजर कपाटावर चढले की ती सूट संपते.

गेल्या दशकभरात चित्र झपाट्याने पालटले. पीआयआरचे तयार सुटे सर्किट शंभर-दोनशे रुपयांत मिळू लागले आणि जिन्यातल्या दिव्यांपासून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत पोचले. आता मिलिमीटर-वेव्ह रडार आले आहे. २४ किंवा ६० गिगाहर्ट्झवर चालणारे हे सेन्सर स्तब्ध बसलेल्या माणसाच्या श्वासाची हालचालही पकडतात, आणि मेच्या भिंतींशी त्यांना देणेघेणे नसते. पण वीज ते जास्त खातात. पीआयआर मात्र काही मायक्रोअँपिअरवर महिनोन्‌महिने जागा राहतो. म्हणून बॅटरीवरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि दारावरच्या घंट्यांत बाकी सगळे झोपलेले असते आणि पहिली हाक पीआयआरच देतो.