पार्श्वभूमी: सरकारी एपीआयच्या जोडणीला दोन सर्टिफिकेटं का लागतात

सरकारी वेब सर्व्हिसला, म्हणजे सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरशी बोलायच्या एपीआयला, आपलं सॉफ्टवेअर जोडायचं म्हटलं की बहुतेक वेळा ओळख पटवणाऱ्या दोन डिजिटल सर्टिफिकेटांशी गाठ पडते. एक सर्व्हरचं, टीएलएससाठी, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवून वाटेतली वाहतूक एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धतीसाठी. एका सर्टिफिकेटाची ग्वाही त्याच्या वरचं देतं, आणि ही साखळी सहसा एखाद्या परदेशी कंपनीच्या रूटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटावर, संपते. दुसरं सही करण्यासाठीचं, म्हणजे डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट). ते भारतातल्या परवानाधारक संस्थेकडूनच घ्यावं लागतं आणि त्याची साखळी सरकारी रूटपर्यंत जाते. टीममध्ये नवीन आलेला मुलगा हमखास विचारतो, की दोन्ही एक्स-509 या एकाच नमुन्याची आहेत, दोन्हीत पब्लिक कीच (सगळ्यांना उघडपणे द्यायची की) आहे, मग सरकारी सर्व्हरला सरकारी रूटखालचं सर्टिफिकेट का नाही? याचं तांत्रिक उत्तर शोधत बसू नये. 2000 चा एक कायदा आणि जुलै 2014 मधले आठ-दहा दिवस, एवढ्यात ते सापडतं.

नव्वदच्या दशकावर इथे वेळ घालवण्याची गरज नाही. एसएसएल आलं, 1999 मध्ये त्याची जागा टीएलएसने घेतली, आणि टेंडरच्या मसुद्यात आजही ‘एसएसएल सर्टिफिकेट’च मागवलं जातं. आपल्याकडचा त्या काळातला एक घोळ मात्र सांगण्यासारखा आहे. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांच्या परवान्यात अट होती: एन्क्रिप्शनसाठी 40 बिटांहून मोठी की वापरायची तर आधी परवानगी घ्या आणि ती की दोन भागांत सरकारकडे जमा करा. जून 2001 मध्ये बँकांच्या नियामकाने इंटरनेट बँकिंगसाठी किमान 128 बिटांचं एसएसएल वापरायला सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच वेळी लागू. कोणती पाळली गेली हे वेगळं सांगायला नको. बँकांसाठीच्या त्याच मार्गदर्शक सूचनांत आणखी एक वाक्य होतं, ते पुढे कामाला येणार आहे: पब्लिक की यंत्रणा सर्वत्र उपलब्ध होईपर्यंत बँकांनी ग्राहकांसाठीची क्लायंट सर्टिफिकेटं (सर्व्हरला जोडणाऱ्याची ओळख पटवणारी) आपल्याच सर्टिफिकेट सर्व्हरवरून द्यावीत.

माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर नियंत्रक नेमला गेला, राष्ट्रीय रूट तयार झाली आणि तिच्या खाली परवानाधारक संस्था आल्या. या सगळ्या रचनेत डोळ्यांसमोर होती ती सही. कागदावर कोणी सही केली, ती कोर्टात टिकेल का, सही करणारा उद्या ‘मी नव्हेच’ म्हणाला तर काय, असे प्रश्न. ब्राउझरला सर्व्हरची ओळख कशी पटवायची हा कायदा करणाऱ्यांच्या चिंतेचा विषय नव्हता, आणि 2000 मध्ये तो असावा अशी अपेक्षाही चुकीची ठरेल. डीएससी त्यामुळे माणसाच्या हातात आली. कंपन्यांचे वार्षिक अहवाल, आयकराची विवरणपत्रं, ई-टेंडर, पुढे ग्रामपंचायतीच्या खात्यातून ऑनलाइन पैसे सोडायलाही सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांचे डोंगल, म्हणजे डीएससी ठेवलेली यूएसबी काडी. गावोगावी हा शब्द माहीत झाला तो असा. आणि डोंगल नेमकं कोणाच्या ड्रॉवरमध्ये असतं हेही गावोगावी माहीत असतं.

वेब सर्व्हिसच्या लोकांना ही सहीची बाजू आयतीच मिळाली आणि ती त्यांना हवीही होती. एक्सएमएल या टॅगवाल्या मजकुरातल्या निरोपावरच सही करायची, आतला मजकूर एन्क्रिप्ट करायचा आणि वाहतुकीच्या सुरक्षिततेवर एकट्यावर विसंबायचं नाही, ही पद्धत ‘सोप’ या एक्सएमएल निरोपांच्या प्रोटोकॉलच्या जमान्यात, 2004 च्या सुमारास, प्रमाण म्हणून ठरली. परदेशात पुढे लोक तिला कंटाळले, आपल्याकडे ती टिकली, आणि टिकण्याला सबळ कारण होतं. आधारच्या प्रमाणीकरणाचं उदाहरण घ्या. सेवा देणाऱ्या संस्थेची विनंती थेट मुख्य सर्व्हरकडे जात नाही, मधल्या जोडणी-संस्थेमार्फत जाते. टीएलएस मधल्या मुक्कामावर संपतं आणि तिथून पुढे नवीन सुरू होतं. म्हणून व्यक्तीची माहिती निघाल्या जागीच 256 बिटांच्या एईएस सेशन कीने (तेवढ्यापुरत्या बनवलेल्या कीने) बंद करायची, ती सेशन की आधारच्या 2048 बिटांच्या पब्लिक कीने बंद करायची आणि सबंध एक्सएमएलवर आपल्या डीएससीने सही करायची. सेशन कीच्या टॅगमध्ये ‘सीआय’ नावाचं एक छोटं अॅट्रिब्यूट असतं. आपण कोणती पब्लिक की वापरली हे त्यातून पलीकडच्याला कळतं, आणि त्यात लिहायची असते त्या सर्टिफिकेटाची एक्स्पायरीची तारीख, वर्ष-महिना-दिवस असे सलग आठ अंक. ही तारीख कोडमध्ये जशीच्या तशी टाकून मोकळे झालेले प्रोग्रॅमर या महाराष्ट्रात कमी नाहीत. पलीकडची की बदलली की त्यांची रात्र ठरलेली.

इथवर सहीची गाडी आपल्या रुळावर होती. गोंधळ झाला तो सरकारी रूटखालच्या संस्था सर्व्हरची सर्टिफिकेटंही देऊ लागल्यावर. कल्पना वावगी नव्हती. सरकारी साइटना दर वर्षी परदेशी कंपनीला पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्तच आहे. विंडोजच्या विश्वासयादीत, म्हणजे कोणत्या रूट मानायच्या त्या यादीत, भारताची रूट आधीच होती, त्यामुळे इंटरनेट एक्स्प्लोरर आणि विंडोजवरचं क्रोम यांत ही सर्टिफिकेटं बिनतक्रार चालत. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, आणि तिच्यात भारताची रूट नव्हती. तिथे इशाऱ्याचं पान दिसे. आपल्या कचेऱ्यांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे ‘फायरफॉक्स वापरू नका’.

2 जुलै 2014 रोजी एका मोठ्या सर्च कंपनीच्या लक्षात आलं की तिच्याच डोमेनच्या नावाने भलत्यांनी सर्टिफिकेटं मिळवली आहेत, आणि ती दिली आहेत भारत सरकारच्या संगणक सेवा पाहणाऱ्या संस्थेच्या इंटरमीडिएटखालून, म्हणजे रूट आणि सर्व्हर यांच्या मधल्या सर्टिफिकेटाखालून. दुसऱ्याच दिवशी, 3 जुलैला, नियंत्रकाने ती इंटरमीडिएट सर्टिफिकेटं रद्द केली. एवढ्या तत्परतेचं श्रेय द्यायलाच हवं. आपल्याकडे फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला याहून जास्त वेळ लागतो. पण पुढचं उत्तर कमी पडलं. चौकशीत सांगण्यात आलं की सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती, चुकीची सर्टिफिकेटं फक्त चारच दिली गेली, आणि त्यांतलं पहिलं 25 जूनचं. चारांपैकी तीन त्या सर्च कंपनीच्या डोमेनची, एक दुसऱ्या एका मेल कंपनीचं. सर्च कंपनीचं म्हणणं पडलं की या चारांत नसलेली सर्टिफिकेटंही आमच्या पाहण्यात आहेत, म्हणजे नेमकं किती बिघडलंय हे कोणालाच माहीत नाही.

मग तो निर्णय आला, ज्यावर आजही दोन तट आहेत. त्या सर्च कंपनीच्याच क्रोम ब्राउझरने भारताची रूट काढून टाकली नाही, तिला कुंपण घातलं. यापुढे तिच्या साखळीतली सर्टिफिकेटं फक्त सात डोमेनच्या हद्दीत मानली जातील: सरकारी कचेऱ्यांची दोन, शिक्षणसंस्थांचं एक, बँकांच्या नियामकाचं एक, एका सरकारी बँकेचं आणि दोन परवानाधारक कंपन्यांचं. यादी नीट वाचली की लक्षात येतं, ही तत्त्वावरून काढलेली यादी नव्हे. इतकी वर्षं राष्ट्रीय म्हणवणारी रूट सर्व्हरसाठी प्रत्यक्षात कोण वापरत होतं, त्याचा तो पंचनामा आहे.

एक तट म्हणतो, हा सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. संसदेने कायदा केला, कायद्याने नियंत्रक नेमला, त्याने रूट उभी केली, आणि ती कुठपर्यंत चालणार हे दुसऱ्या देशातली एक कंपनी आपल्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत ठरवते. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या कंपनीच्या डोमेनची नक्कल झाली, तिचाच ब्राउझर न्यायाधीशही झाला, हेही खरं. दुसरा तट म्हणतो, ब्राउझरमधली रूट म्हणजे ती वापरणाऱ्या सगळ्या जगाचा विश्वास. भारताच्या रूटखालची संस्था लिस्बनमधल्या माणसाच्या मेलच्या साइटचंही सर्टिफिकेट देऊ शकते, तेव्हा तिच्या चुकीची झळ भारतापुरती राहत नाही. 2011 मध्ये एका डच संस्थेच्या बाबतीत हेच घडलं होतं: तिथल्या घुसखोरीतून निघालेलं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांचे मेल वाचायला वापरलं गेलं. ती संस्था नेदरलँड्सच्या सरकारलाही सर्टिफिकेटं पुरवत होती. तिला याद्यांतून पार काढलं गेलं आणि त्याच वर्षी तिचं दिवाळं वाजलं. त्या मानाने भारताला मिळालेली शिक्षा सौम्यच होती.

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि त्याला कारण ‘फक्त चारच’ हे उत्तर. सर्टिफिकेट देणाऱ्याकडे आपण काय काय दिलं याची पूर्ण नोंद नसेल, तर कायद्याने दिलेला परवाना घेऊन करायचं काय? पुढे एप्रिल 2018 पासून क्रोमने प्रत्येक नवीन सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढवलेलं असण्याची सक्ती केली. 2014 मध्ये ती असती तर आकड्यावरून वाद झालाच नसता.

सरकारी बाजूने पुढे सर्व्हर आणि कोड-सायनिंग (सॉफ्टवेअरवर करायची सही) यांसारख्या कामांसाठी 2015 ची वेगळी, विशेष रूट काढली गेली. ब्राउझरांनी तिला जवळ केलं नाही. एका भारतीय खासगी कंपनीने नंतर मोठ्या ब्राउझरांच्या याद्यांत जागा मिळवली, पण ती आपली स्वतंत्र रूट घेऊन, आंतरराष्ट्रीय ऑडिटच्या वाटेने. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली, तिच्या अटींत राष्ट्रीय रूट आत असलेली स्वतःची विश्वासयादी मागितली होती. 2025 मध्ये विजेते जाहीर झाले. 2014 च्या कुंपणाला दिलेलं हे नऊ वर्षांनंतरचं उत्तर असं मी समजतो. लोक तो ब्राउझर वापरतील का, हा प्रश्न स्पर्धेच्या कक्षेत नव्हता.

दरम्यान याचा भार पडला तो जोडणी करणाऱ्यावर. ई-आधारच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं ते याच दुराव्यामुळे: सही खरी असते, पण रीडरच्या यादीत सरकारी रूट आपोआप नसते. सर्व्हरच्या बाजूला तर याहून वाईट सवय लागली. रूट ओळखली जात नाही ना, मग हाताने टाका. जावाची विश्वासयादी असलेल्या सीएसर्ट्स फाइलमध्ये कीटूल या कमांडने इंपोर्ट करायचं, पासवर्ड सगळ्या जगाला पाठ असलेला ‘चेंजइट’. सहा महिन्यांनी कोणीतरी जावाची आवृत्ती बदलतो, नवीन आवृत्ती आपली कोरी सीएसर्ट्स घेऊन येते, आणि सकाळी लॉगमध्ये ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’, म्हणजे साखळी रूटपर्यंत जुळली नाही. तेव्हा घाईत कोणी तरी तपासणीच बंद करणारा कोड टाकतो, आणि तो कोड मग कायमचा मुक्कामाला राहतो.

हीच एरर दुसऱ्याही एका कारणाने येते, आणि दोन्हींची गल्लत रोज होते. सर्व्हर फक्त स्वतःचं सर्टिफिकेट पाठवतो, इंटरमीडिएट पाठवायचं विसरतो. विंडोजवरचा ब्राउझर सर्टिफिकेटात दिलेल्या पत्त्यावरून ते स्वतः जाऊन आणतो, म्हणून ‘आमच्याकडे तर साइट उघडतेय’ असं पलीकडचा ठामपणे सांगतो. जावा आपणहून तसं आणत नाही. इथे रूट इंपोर्ट करून काही होत नाही. चेन पूर्ण पाठवा असं पलीकडच्याला पटवावं लागतं, आणि पलीकडे सरकारी खातं असेल तर ते मेलमध्ये लेखी मागतं.

अलीकडे प्रश्नाचा रोख रूटवरून मुदतीवर आला आहे. सर्व्हरच्या सर्टिफिकेटाची कमाल मुदत मार्च 2018 मध्ये 825 दिवस झाली, सप्टेंबर 2020 मध्ये 398. एप्रिल 2025 मध्ये ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या मंडळाने पुढचं वेळापत्रक मंजूर केलं: 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या त्याच तारखेपासून 100, आणि 15 मार्च 2029 पासून 47. डीएससी मात्र अजूनही दोन-तीन वर्षांची मिळते. एकाच जोडणीतली दोन सर्टिफिकेटं अशी दोन वेगळ्या घड्याळांवर चालणार आहेत. सर्व्हरचं सर्टिफिकेट जसंच्या तसं ट्रस्टस्टोअरमध्ये (आपल्या विश्वासयादीत) टाकून ठेवायची आपल्याकडची लाडकी पद्धत, जिथे ‘तुमची सीईआर फाइल पाठवा’ असा मेल वर्षातून एकदा जातो, ती 47 दिवसांच्या हिशोबात बसत नाही.

दुसरा बदल म्युच्युअल टीएलएसवाल्यांना, म्हणजे जिथे दोन्ही बाजू सर्टिफिकेट दाखवतात त्यांना, जास्त टोचणारा आहे. सर्व्हरसाठी विकत घेतलेलंच सर्टिफिकेट क्लायंट म्हणूनही दाखवायचं, ही सोय बँकांच्या आणि पेमेंटच्या जोडण्यांमध्ये सर्रास वापरली जायची, कारण सर्टिफिकेटात दोन्ही उपयोग लिहिलेले असत. ब्राउझरच्या रूट-धोरणांनी आता सार्वजनिक सर्टिफिकेटं फक्त सर्व्हरच्या ओळखीपुरती ठेवायला लावली, आणि ती देणाऱ्यांनी क्लायंटचा उपयोग वगळायला सुरुवात केली. क्लायंट सर्टिफिकेटं त्यामुळे प्रत्येक संस्थेला आपल्या खासगी रूटखालून द्यावी लागणार, म्हणजे जून 2001 च्या त्या सूचनांमध्ये जे तात्पुरतं म्हणून लिहिलं होतं तेच.