सोलापुरातले जुने डीसी पंखे : पाटीवरच्या व्होल्टमागचा इतिहास

सोलापुरात एखाद्या वाड्याची आवराआवर निघाली की माळ्यावरून पितळी पात्यांचा जडशीळ टेबलफॅन खाली येतो. घेणारा आधी कंपनीचं नाव शोधतो. माझ्या मते ते नंतर बघावं. आधी पाटीवरचा व्होल्टचा आकडा वाचावा, कारण पंखा कुठल्या विजेसाठी बनला होता आणि बहुधा कुठून आला, हे तोच सांगतो. 24, 110, 220 हे आकडे नेहमी दिसतात. शेजारी ‘डीसी’ (डायरेक्ट करंट, एकाच दिशेने वाहणारी वीज) किंवा जुन्या धाटणीने ‘सीसी’ (कंटिन्युअस करंट, म्हणजे तेच) कोरलेलं असेल, तर तो पंखा आजच्या घरच्या प्लगसाठी नाही; तिथे एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज असते.

विजेचा पंखा जन्मला तोच डीसीवर. न्यूयॉर्कला एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र 4 सप्टेंबर 1882 ला सुरू झालं, ते 110 व्होल्टच्या आसपास डीसी पुरवत होतं. त्याच दशकात शायलर व्हीलर यांचा दोन पात्यांचा टेबलफॅन आला. सिंगर शिलाई मशीन कंपनीतल्या फिलिप डील यांनी छताचा पंखा बनवला. एसी तेव्हा मागे पडला होता, कारण त्यावर चालणारी चांगली छोटी मोटरच नव्हती. टेस्लाच्या इंडक्शन मोटरचं पेटंट 1888 चं, आणि ती पंख्यात रुळायला आणखी काही वर्षं गेली. डीसी मात्र शहरांतून सावकाश गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याची शेवटची जोडणी 14 नोव्हेंबर 2007 ला तोडली!

220 चा आकडा काटकसरीतून आला. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला निम्मा करंट लागतो आणि तांबं वाचतं. कोलकात्यात 1899 मध्ये सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला तो डीसीचा. तोवर कचेऱ्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत छताला टांगलेला झालरीचा पंखा दोरीने ओढायला माणूस बसत असे. विजेने त्याची नोकरी घेतली. इंग्लंडहून जीईसी कंपनीचे, इटलीतल्या मिलानहून मारेलीचे पंखे बोटीने येऊ लागले. मारेलीची कंपनी 1891 ची. तिचे पंखे आजही जमवणाऱ्यांच्या यादीत वर असतात, आणि भाव सांगणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

सोलापूरकडे यायचं तर रेल्वे आणि गिरणी या दोन दारांनी यावं लागतं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1860 मध्ये इथे पोचली. पुढे रायचूरपर्यंत रूळ पडेस्तोवर, म्हणजे 1871 पर्यंत, हे शहर मोठं मालकेंद्र होतं. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या इंजिनाला पट्ट्याने डायनॅमो (फिरवला की वीज देणारं यंत्र) जोडून दिवे लावायची पद्धत जगभर होती, आणि असा डायनॅमो बहुधा 110 व्होल्ट डीसीचा असे. म्हणून गिरणीच्या कचेरीतला म्हणून कोणी 110 चा पंखा दाखवला, तर गोष्ट निदान अशक्य नाही.

पण इथे सापडणाऱ्या डीसी पंख्यांबद्दल बोलताना मी रेल्वेचं नाव आधी घेईन. धावत्या डब्याला बाहेरून तार जोडता येत नाही, म्हणून डब्याखालीच डायनॅमो बसवायची युक्ती निघाली. चाकाच्या आसावरून पट्टा डायनॅमोवर, डायनॅमोवरून वीज बॅटऱ्यांत, बॅटऱ्यांतून दिवे आणि पंखे. लंडनजवळच्या डेप्टफर्डची जे. स्टोन कंपनी यात अग्रेसर होती. गाडी स्टेशनात थांबली की डायनॅमो थांबतो, पण बॅटरीवर पंखा फिरत राहतो. मे महिन्यात 44 च्या घरात पारा असताना फलाटावर उभ्या डब्यात बसलेल्याला याची किंमत विचारा. बॅटरी म्हटली की डीसी आलाच. आधी 24 व्होल्ट, नंतर 110. डायनॅमोची जागा पुढे अल्टरनेटरने घेतली, तरी त्याची वीज डीसी करूनच डब्यात दिली जाई. ‘रेल्वेचा पंखा घरी चालत नाही, म्हणून चोरीला जात नाही’ हे गाडीत हमखास ऐकू येतं. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याबद्दल भंगारवाल्याला विचारावं.

पाटी गेलेली असेल तर ओळख पोटातून करायची. मागचं झाकण काढलं की दोन बाजूंना कार्बन (वीज पोचवणारे ठोकळे) आणि मध्ये तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर दिसतो. एवढ्यावर ‘डीसी आहे’ म्हणून मोकळं होऊ नये, कारण सुरुवातीच्या काही एसी पंख्यांनाही कार्बन असत. बाहेरचं लोखंडी कडं बघावं. डीसीला ते सरळ बिडाचं भरीव चालतं. एसीला पातळ पत्रे एकावर एक रचलेलं लागतं, नाहीतर ते तापतं. मग बुड उघडावं. वेग कमी-जास्त करायला चिनी मातीवर गुंडाळलेली रेझिस्टन्सची तार असेल तर कल डीसीकडे, पत्र्यांच्या गाभ्यावरची चोक कॉइल असेल तर एसीकडे. त्या तारेखाली पांढरट पुठ्ठ्यासारखं काही असेल तर ते घासू नये. ॲस्बेस्टॉस असू शकतं.

पंखा चालू झाल्यावर आणखी एक परीक्षा करता येते. दोन्ही वायरी उलट जोडल्यावर पातं उलट फिरलं, तर आत कायमचं चुंबक आहे. तरीही त्याच दिशेला फिरत राहिलं, तर फील्डलाही, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागालाही, वाइंडिंग (तारेचे वेढे) आहे. जुन्या पंख्यांत हेच सापडतं.

‘लावून तर बघू’ हा आपल्याकडचा लाडका प्रयोग इथे महाग पडतो. डीसी पंखा घरच्या एसीवर लावला तर सिरीज वाइंडिंगचा (फिरत्या आणि स्थिर भागाचे वेढे एकापाठोपाठ जोडलेला) असल्यास फिरतोही, पण कार्बनपाशी ठिणग्या उडतात आणि भरीव कडं तापत जातं. शंट वाइंडिंगचा (तेच वेढे समांतर जोडलेला) नुसता गुणगुणतो. एसीचा पंखा डीसीवर लावणं तर आणखी वाईट, करंट अडवायला वायरच्या रेझिस्टन्सशिवाय काहीच नसल्याने वाइंडिंग जळतं.

220 च्या डीसी पंख्याला घरी चालवायचं तर एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर लागतो. 230 व्होल्ट एसी त्यातून गेला की सरासरी 207 व्होल्ट डीसी मिळतो, पंख्याला तो पुरतो. अनेक जण वीज ‘गुळगुळीत’ करायला पुढे मोठा कंडेन्सर जोडतात, आणि तिथेच घात होतो. व्होल्टेज 325 कडे चढतं. कंडेन्सर नको. 110 च्या पंख्याला आधी ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवावं, मग रेक्टिफायर. 24 चा रेल्वे पंखा ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून सुखाने फिरतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक पंख्याच्या बिडाच्या अंगाला अर्थिंग मात्र हवं.

डागडुजीत सर्वांत जास्त नासाडी हौसेने होते. कम्युटेटरवरचा चॉकलेटी थर मळ नाही; तो कार्बन नीट चालल्याची खूण आहे, त्याला हात लावू नये. काळे डाग आणि खाचा असतील तरच बारीक काचपेपर फिरवावा. एमरी पेपर नको, त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने हळूच खाली करावा. नवा कार्बन घासून कम्युटेटरच्या गोलाईला बसता करावा. सुती वेष्टणाची वायर कितीही देखणी असली तरी आतलं रबर भुगा झालेलं असतं. ती बदलायचीच, आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय वीज द्यायची नाही. मूळचा चकचकीत काळा ‘जपान’ रंग शाबूत असेल तर पावडर कोटिंगच्या नादी लागू नये. बफ मारून पाटीवरची अक्षरं घालवलेला पंखा मला तरी फुकट नको.

वाइंडिंग गेलं असेल तर माणूस निवडून गाठावा. सोलापुरात यंत्रमागांमुळे मोटर वाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण तिथे दिवसभर येतात त्या एसीच्या इंडक्शन मोटरी. आर्मेचर, म्हणजे डीसी मोटरचा आतला फिरता भाग, भरणं हे वेगळं काम आहे. ट्रकचे स्टार्टर आणि डायनॅमो भरणारा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन ते जास्त भरवशाने करतो. त्याच्याकडे आर्मेचर देताना उकलण्याआधी प्रत्येक खाचेतले वेढे मोजून तारेची जाडी लिहून ठेवायला सांगावं, म्हणजे नवं वाइंडिंग मूळ व्होल्टलाच बसतं.